थडग्याच्या दारावरचा झरोका : न्यूग्रेंज खरोखरच सूर्यासाठी बांधले होते का?

उत्तररात्र

आयर्लंडची राजधानी डब्लिनच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर बॉइन नदी एक मोठा वळसा घेते. त्या वळशाच्या कुशीत, मीथ परगण्यात, न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ ही तीन प्रचंड थडगी आहेत. लांबून पाहिले तर गवताने झाकलेली टेकाडेच वाटतात. पुरातत्त्वात त्यांना 'पॅसेज टूंब' म्हणतात, म्हणजे मातीदगडांच्या ढिगाऱ्याखाली एक दगडी दालन आणि बाहेरून त्या दालनापर्यंत नेणारा अरुंद दगडी बोळ. न्यूग्रेंज इ.स.पू. 3200 च्या सुमारास बांधले गेले, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या सहाशेहून अधिक वर्षे आधी, आणि तेही धातूचे एकही हत्यार ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी. ढिगाऱ्याचा व्यास सुमारे 85 मीटर, कडेने 97 मोठ्या शिळांचे कुंपण, आत शिरणारा बोळ 19 मीटरचा, आणि शेवटी अधिकाच्या चिन्हासारखे, तीन कोनाडे असलेले दालन. दगडाचे थर एकावर एक थोडे थोडे आत सरकवत रचलेले त्याचे छत सहा मीटर उंच आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये मी तेथे जाऊन आले. बोळात शिरताना पाठीवरची पिशवी पोटाशी धरावी लागते, दोन ठिकाणी तर अंग तिरके केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. दालनात पोहोचल्यावर मार्गदर्शक बाईंनी दिवे मालवले आणि मग बोळाच्या तोंडाकडून एका विजेच्या दिव्याचा पट्टा जमिनीवरून हळूहळू आमच्या पायांपर्यंत आणला. हिवाळी अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, पहाटे खरा सूर्य हेच करतो, असे त्यांनी सांगितले. दिवा विजेचा होता हे पक्के माहीत असूनही आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

बाहेर आल्यावर मात्र मनात शंका सुरू झाली आणि त्या शंकेसाठीच हा धागा काढते आहे. जगातल्या कुठल्याही जुन्या वास्तूचे तोंड कुठल्या ना कुठल्या दिशेला असतेच, आणि त्या दिशेला वर्षातून कधी ना कधी सूर्य किंवा चंद्र उगवतो वा मावळतो. मग 'ही वास्तू सूर्याकडे रोखलेली आहे' असे केव्हा म्हणायचे आणि 'जुळले, झाले' असे केव्हा म्हणायचे?

आधी घडले काय ते सांगते. कॉर्कच्या विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी 1962 ते 1975 या काळात न्यूग्रेंजचे उत्खनन केले. दाराच्या वर एक नक्षीदार शिळा ढिगाऱ्यातून डोकावत होती. ती एकोणिसाव्या शतकापासून लोकांच्या पाहण्यात होती, पण तिचे प्रयोजन कोणालाच कळले नव्हते. ओकेलींनी भोवतीचे दगड मोकळे केले तेव्हा ती एका पेटीसारख्या पोकळीचे छत निघाली. हाच तो 'रूफ-बॉक्स', मी त्याला झरोका म्हणते. दाराच्या छताच्या शिळेवर बसवलेला, बाहेरच्या बाजूला उघडा आणि तळाशी जेमतेम वीतभर फट असलेला. आसपासच्या लोकांत 'एका ठरावीक दिवशी ऊन आतपर्यंत जाते' अशी बोलवा होती. हे लोक इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाची गोष्ट चुकून न्यूग्रेंजला लावत असावेत असे ओकेलींना वाटत असे. तरी झरोका सापडल्यावर त्यांनी हिशेब मांडला आणि 21 डिसेंबर 1967 च्या पहाटे ते एकटेच आत जाऊन बसले. सूर्य उगवल्यानंतर काही मिनिटांत फटीतून उन्हाची रेघ आली, बोळाच्या जमिनीवरून सरकत दालन ओलांडून शेवटच्या कोनाड्यातल्या दगडी परातीच्या कडेपर्यंत गेली आणि रुंदावत 17 सेंटिमीटरची झाली. पुढे त्यांनी नोंदवलेल्या वेळांप्रमाणे हा सगळा खेळ 17 मिनिटांचा.

माझे मत असे आहे की न्यूग्रेंजच्या बाबतीत दिशा हा मुख्य पुरावा नाहीच. मुख्य पुरावा आहे बांधकामाचा. बोळाची जमीन आत जाताना चढत जाते, इतकी की दालनाची जमीन दारापेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे. त्यामुळे दारातून येणारे ऊन चढावरच अडते, ते दालनापर्यंत जाऊच शकत नाही. झरोक्याची फट मात्र दालनाच्या जमिनीच्या पातळीत आहे, म्हणून क्षितिजालगतच्या सूर्याचा जवळजवळ आडवा किरण त्या फटीतून थेट आत पोहोचतो. दाराने जे साधत नाही तेवढ्यासाठी दारावर वेगळी खिडकी बसवली आहे. तिचा दुसरा कोणताही उपयोग मला तरी सुचलेला नाही. ज्यांना सुचत असेल त्यांनी अवश्य लिहावे.

दगडमाती

उत्तररात्र ताई, धागा चांगला आहे, पण मी थोडी माती कालवणार आहे. आज आपण जे न्यूग्रेंज पाहतो त्यातले किती पाच हजार वर्षांपूर्वीचे आणि किती 1970 च्या दशकातले? पुढच्या बाजूची ती पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांची उभी भिंत तुम्ही पाहिलीच असेल. त्या गारगोट्या खऱ्या आहेत, विकलो डोंगरांकडून आणलेल्या आहेत, पण उत्खननात त्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पसरलेल्या सापडल्या होत्या. ती कोसळलेली भिंत आहे असे ओकेलींनी मानले आणि पाठीमागे काँक्रीटचा आधार देऊन ती पुन्हा उभी केली. अनेक पुरातत्त्वज्ञांच्या मते ती मुळात भिंत नव्हतीच, दारापुढे अंथरलेली फरसबंदी होती.

तोच प्रश्न झरोक्यालाही लागू होतो. बोळाच्या शिळा आतल्या बाजूला कलंडलेल्या होत्या. बाहेरच्या भागातले छत उतरवून त्या सरळ केल्या गेल्या आणि छत पुन्हा चढवले गेले. वीतभर फटीचा हिशेब करायचा असेल तर चार बोटांचा फरकही फार झाला. 2016 साली आयरिश पुरातत्त्वज्ञ मायकेल गिबन्स यांनी झरोक्याच्या अस्सलपणाबद्दलच जाहीर शंका घेतली होती. सूर्य बरोबर येतो हे खरे, पण तो प्राचीन लोकांच्या बांधकामात येतो की ओकेलींच्या?

उत्तररात्र

दगडमाती, भिंतीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. एवढी उंच, जवळजवळ उभी भिंत मातीदगडांचा रेटा आधाराविना किती काळ पेलू शकली असती, हा प्रश्न बांधकामातले कोणीही विचारील. ती भिंत पाहताना मला एखाद्या हॉटेलच्या दर्शनी बाजूची आठवण झाली, हे कबूल करते.

पण भिंतीवरची शंका झरोक्यावर जशीच्या तशी टाकता येणार नाही. एक तर नक्षीदार शिळा उत्खननाच्या कितीतरी आधीपासून तिच्या जागी दिसत होती, ओकेलींनी ती कुठून आणून बसवलेली नाही. दुसरे म्हणजे आतले दालन उतरवलेलेच नाही. त्याचे छत पाच हजार वर्षांपूर्वी रचले तसेच आहे. दालनाची जमीन आणि बोळाचा चढ हे दोन्ही जागचे आहेत आणि माझा सगळा युक्तिवाद त्या चढावरच उभा आहे. शिळा सरळ केल्यामुळे किरणाची रुंदी बदलली असेल, हे मान्य. आजही काही शिळा आत झुकलेल्या असल्यामुळे उन्हाचा पट्टा मूळच्यापेक्षा अरुंद पडतो, असेच मोजणी करणाऱ्यांचे म्हणणे आहे. पण एखाद्या वास्तूची गळती बंद केली म्हणून तिची खिडकी नवी ठरत नाही.

गळतीवरून आठवले. बोळाच्या छतावरच्या शिळांच्या वरच्या बाजूला, म्हणजे ढिगाऱ्याखाली कायमच्या गाडल्या जाणाऱ्या बाजूला, पावसाचे पाणी बाजूला वळवण्यासाठी पन्हळी कोरलेल्या आहेत. शिळांमधल्या फटी जळकी माती आणि समुद्राची वाळू भरून बुजवल्या होत्या. त्या जळक्या मातीतल्या कोळशामुळेच या वास्तूचे कार्बनमापन करता आले आणि इ.स.पू. 3200 हा काळ मिळाला. थडग्यात पाणी ठिबकू नये म्हणून जे लोक इतका विचार करतात त्यांनी दारावर एक भोक चुकून सोडले असेल, हे मला पटत नाही.

संपातबिंदू

एक मूलभूत शंका आहे. संपातचलनामुळे आपली मकरसंक्रांत खऱ्या उत्तरायणारंभापासून सरकत सरकत 14-15 जानेवारीला येऊन पोहोचली आहे, हे आपण दरवर्षी तिळगुळाबरोबर ऐकतो. आकाश एवढे सरकले असेल तर पाच हजार वर्षांपूर्वी रोखलेला झरोका आज चालूच कसा शकतो? उलट तो आज चालतो यावरूनच तो अलीकडचा आहे, असे कोणी म्हटले तर?

उत्तररात्र

संपातबिंदू, शंका रास्त आहे, पण यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. संपातचलनाने सरकते ती ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरची सूर्याची जागा. आपली संक्रांत मकर राशीला, म्हणजे ताऱ्यांना बांधलेली असल्यामुळे ती ऋतूंपासून दूर जात राहते. हिवाळी अयनदिनाला सूर्य क्षितिजावर कुठे उगवतो, हे मात्र ताऱ्यांवर अवलंबून नाही. ते दोनच गोष्टींवर ठरते : त्या स्थळाचे अक्षांश आणि पृथ्वीच्या अक्षाचा कल. अक्षांश बदललेले नाहीत. कल तेव्हा सुमारे 24 अंश होता, आज 23.4 आहे. न्यूग्रेंजच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण 53.7 उत्तरेला, एवढ्या फरकाने उगवतीची जागा सुमारे सव्वा अंशाने सरकते. सूर्याची स्वतःची रुंदी अर्धा अंश असते, म्हणजे सगळे सरकणे मिळून दोन-अडीच सूर्यांएवढे.

आणि हा फरक न्यूग्रेंजमध्ये दिसतोसुद्धा. टॉम रे या आयरिश खगोलशास्त्रज्ञाने 1989 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मोजणीसह दाखवले की आज सूर्य उगवल्यानंतर चार-साडेचार मिनिटांनी किरण आत शिरतो, कारण तेवढ्या वेळात सूर्य थोडा वर आणि थोडा दक्षिणेला सरकून फटीच्या रेषेत येतो. बांधणीच्या काळात मात्र उगवत्या सूर्याचा पहिलाच किरण आत शिरत असे आणि दालनाच्या मागच्या भिंतीपर्यंत जात असे. म्हणजे झरोका आज चालतो, पण किंचित उशिराने, आणि तो उशीर हिशेबाबरहुकूम आहे. 1970 च्या दशकात कोणी तो नव्याने जुळवला असता तर आजच्या सूर्याला जुळवला असता. याआधी 1974 मध्ये जॉन पॅट्रिक यांनीही 'नेचर'मध्येच मोजणी देऊन जुळणी मूळची असल्याचे म्हटले होते.

गणितवाला

धागाकर्तीने सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाला थोडे आकडे देतो, कारण या विषयात लोक दिशा सापडली की लगेच नारळ फोडतात.

समजा, आपण एखादे थडगे सूर्याशी किंवा चंद्राशी 'जुळते' असे केव्हा म्हणू, याची यादी केली. दोन्ही अयनदिनांचे सूर्योदय आणि सूर्यास्त मिळून चार दिशा. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असते त्या दिवसाच्या, दोन. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या उत्तर-दक्षिण टोकांच्या (ही टोके वर्षांगणिक कमी-जास्त होतात), मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मर्यादा धरून, उगवतीच्या चार आणि मावळतीच्या चार. झाल्या चौदा दिशा. प्रत्येकीला दोन्ही बाजूंना दोन अंशांची सूट दिली, आणि पडझड झालेल्या बोळांना एवढी सूट द्यावीच लागते, तर 360 पैकी 56 अंश व्यापले गेले. म्हणजे डोळे मिटून बांधलेल्या शंभर थडग्यांपैकी पंधरा-सोळा 'जुळणारच'. त्यात अयन आणि विषुव यांच्या मधोमध येणाऱ्या दिवसांच्या चार दिशा मिळवल्या, आणि आयर्लंडचे हौशी संशोधक त्या हमखास मिळवतात, की प्रमाण पाचात एक होते. आयर्लंडमध्ये अशी थडगी दोनशेच्या घरात आहेत. आता किती 'शोध' लागतील ते तुम्हीच काढा.

न्यूग्रेंज या हिशेबातून सुटते ते केवळ दिशेमुळे नव्हे, धागाकर्तीचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. तेथे आडवी दिशा तर जुळावी लागतेच, शिवाय फटीची उंची, बोळाचा चढ, बोळाची लांबी आणि समोरच्या टेकडीने उचललेले क्षितिज हेही एकमेकांशी जुळावे लागते. दोन स्वतंत्र योगायोग एकाच ठिकाणी मागितले की शक्यता गुणाकाराने घसरते.

अण्णा_करवीर

आमच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? नोव्हेंबरात 9 ते 11 आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते पाहिले आहे. हल्ली वाटेतल्या इमारतींमुळे किरणे अडतात आणि दरवर्षी त्याची चर्चा होते. न्यूग्रेंजला वर्षातून एकदाच आणि कोल्हापूरला दोनदा, असे का?

उत्तररात्र

अण्णा, तुमच्या उदाहरणाने माझे काम सोपे झाले. सूर्याची उगवण्या-मावळण्याची जागा वर्षभर क्षितिजावर झोपाळ्यासारखी उत्तर-दक्षिण हेलकावते. झोपाळ्याच्या वाटेतल्या कुठल्याही जागेवरून तो दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. नोव्हेंबर 9 ते 11 म्हणजे अयनदिनाच्या सुमारे चाळीस-बेचाळीस दिवस आधी आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी म्हणजे तेवढेच दिवस नंतर. त्यामुळे करवीरला दोन उत्सव होतात. न्यूग्रेंजचा झरोका झोपाळ्याच्या अगदी टोकाला रोखलेला आहे, तेथे जाणे आणि येणे एकच होते.

टोकाला झोपाळा क्षणभर थांबतो, हेही येथे महत्त्वाचे आहे. न्यूग्रेंजच्या अक्षांशावर अयनदिनाच्या पाच दिवस आधी किंवा नंतर पाहिले तर उगवतीची जागा सूर्याच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी हललेली असते. म्हणून तेथे 21 डिसेंबरच्या मागचे-पुढचे काही दिवसही ऊन आत जाते. याचा अर्थ असा की हे 'कॅलेंडर' नव्हे. या झरोक्यावरून अयनदिन नेमका कोणता ते ठरवता येत नाही. पुरातत्त्वाच्या माहितीपटांत त्याला सर्रास 'प्राचीन वेधशाळा' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. वेध घेणाऱ्याला मोकळे क्षितिज आणि दोन खुंट पुरतात, त्यासाठी कोणी हजारो टन दगड वाहणार नाही.

नीलिमा_क

मग शेजारच्या नाउथचे काय? मी वाचले होते की तेथे पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन बोळ आहेत आणि विषुवदिनाला सकाळी एकातून व संध्याकाळी दुसऱ्यातून ऊन आत जाते. ते तर न्यूग्रेंजपेक्षाही सुरेख वाटते.

उत्तररात्र

सुरेख वाटते, आणि तेथेच सावध व्हायला हवे. जॉर्ज ओगन यांनी 1962 पासून कित्येक दशके नाउथचे उत्खनन केले. पश्चिमेचा बोळ 1967 मध्ये सापडला, पूर्वेचा 1968 मध्ये. दोन्ही न्यूग्रेंजच्या बोळापेक्षा पुष्कळ लांब आहेत आणि कडेच्या शिळांवरचे कोरीवकाम तर असे की पश्चिम युरोपातल्या त्या काळच्या कोरीव शिळांचा मोठा वाटा या एकाच ठिकाणी आहे. एक बोळ पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून विषुवदिन, अशी मांडणी साहजिकच झाली.

पण बोळ नीट मोजले की ते ठीक पूर्व-पश्चिम नाहीत. विषुवदिनाच्या सुमारास या अक्षांशावर उगवतीची जागा रोज सुमारे दोन-तृतीयांश अंश सरकते, म्हणजे एका दिवसात सूर्य आपल्या रुंदीपेक्षा जास्त पुढे जातो. त्यामुळे काही दिवसांची चूक अयनदिनाला खपून जाते तशी येथे खपत नाही, बोळाच्या दिशेतली काही अंशांची चूक लगेच आठवड्याचा फरक पाडते. शिवाय पश्चिमेचा बोळ आत जाऊन चक्क वळतो. सूर्याचा किरण वळत नाही. आणि मध्ययुगाच्या आरंभी लोकांनी नाउथवर वस्ती केली, खंदक खणले, तळघरे काढली आणि त्यात दोन्ही बोळांच्या तोंडांकडचा भाग बिघडला. तेथे एखादा झरोका होता असे म्हणण्यासारखे काहीच हाती नाही. फ्रँक प्रेंडरगास्ट आणि वर उल्लेख केलेले टॉम रे यांनी नाउथच्या उत्खनन अहवालमालेसाठी मोजणी केली, तिचाही निष्कर्ष विषुवदिनाच्या विरोधातच गेला.

आणखी एक अडचण मला त्याहून मोठी वाटते. अयनदिन डोळ्यांना दिसतो, कारण सूर्य टोकाला जाऊन मागे फिरतो. विषुवदिन डोळ्यांना दिसत नाही. तो दिवस मोजून किंवा दोन टोकांचा मध्य काढून ठरवावा लागतो. नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांना तो मध्य हवासा वाटत होता, हे आपण आपल्या पंचांगातून त्यांच्यावर लादतो आहोत का, हा प्रश्न विचारायला हवा. आयर्लंडमधल्याच लॉखक्रू येथल्या 'टी' क्रमांकाच्या थडग्यात विषुवदिनाच्या सुमारास उन्हाचा चौकोन मागच्या कोरीव शिळेवरून सरकतो आणि तो देखावा विलक्षण असतो, यात वाद नाही. वाद आहे तो 'सुमारास' या शब्दाबद्दल.

विजयदुर्गी

या विषयातले एक जुने नाव आमच्या गावाशी जोडलेले आहे म्हणून लिहितो. वेल्समधल्या अँगल्सी बेटावर ब्रिन केली दी नावाचे असेच बोळाचे थडगे आहे. ते उन्हाळी अयनदिनाच्या सूर्योदयाकडे रोखलेले असल्याचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर नॉर्मन लॉकियर यांनी सांगितले होते. हेलियमवाले तेच हे लॉकियर. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते आपला चमू घेऊन विजयदुर्गला आले होते. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'शी त्यांचेच नाव जोडले जाते. मात्र 1868 मध्ये त्यांनी हेलियमचा शोध विजयदुर्गला लावला, ही आमच्याकडे फलकांवरही रंगवलेली गोष्ट खरी नाही. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते.

लॉकियर यांच्या म्हणण्याकडे पुरातत्त्वज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही, कारण प्रत्येक दगडात त्यांना तारे दिसत. जवळपास शंभर वर्षांनी वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे स्टीव्ह बरो यांनी अयनदिनाच्या पहाटे आत उभे राहून पाहिले तेव्हा ऊन खरोखरच आतपर्यंत आले. म्हणजे बऱ्याच ठिकाणी चुकणारा माणूस एखाद्या ठिकाणी बरोबरही असतो.

शंकासुर

एवढी दिशा-उंचीची चर्चा झाली, पण स्थानिक दंतकथांबद्दल कोणीच बोलत नाही. आयरिश कथांत दाग्दा नावाचा देव बॉइन नदीच्या देवीसाठी याच ठिकाणी सूर्याला नऊ महिने एका जागी थांबवून ठेवतो, त्यामुळे त्यांचा मुलगा अंगस एकाच दिवसात गर्भात राहतो आणि जन्मतो. सूर्य 'थांबतो' तो दिवस म्हणजे अयनदिनच नव्हे का? हा पुरावा नाही?

उत्तररात्र

शंकासुर, ही कथा मलाही मोहात पाडते, आणि डाउथची तर त्याहून जास्त. डाउथचे जुने नाव 'दुबाद', म्हणजे अंधार. ब्रेसल नावाचा राजा आयर्लंडमधल्या साऱ्या पुरुषांकडून एका दिवसात आकाशाला भिडणारा बुरूज बांधून घेत असतो आणि दिवस संपू नये म्हणून त्याची बहीण मंत्राने सूर्याला थोपवून धरते. राजा बहिणीशी संग करतो, मंत्र तुटतो, अंधार पडतो आणि काम अर्धवट राहते. त्या डाउथच्या दक्षिणेकडच्या दालनात हिवाळी अयनदिनाच्या मावळतीचे ऊन येते.

2020 साली न्यूग्रेंजमधल्या एका पुरुषाच्या कवटीच्या हाडातून जनुके वाचली गेली आणि त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण किंवा पालक आणि अपत्य असावेत असे निघाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ही कथा त्याला लगेच जोडली आणि 'देवराजा'च्या गोष्टी सुरू झाल्या. 2025 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याला हरकत घेतली, की एका हाडावरून घराणे उभे करता येत नाही. मला ही हरकत पटते. दंतकथेचेही तसेच आहे. त्या लिहिल्या गेल्या मध्ययुगात, थडगी बांधून चार हजार वर्षे उलटल्यावर. मधल्या काळात तेथे भाषा बदलली, माणसेही बदलली. शिवाय न्यूग्रेंजचे तोंड ढासळलेल्या दगडमातीखाली गाडले गेले होते. ते 1699 मध्ये रस्त्यासाठी दगड उपसताना उघडे पडले. एवढ्या खंडातून आठवण टिकली असेल, असे मी म्हणू शकत नाही. पण त्या टेकाडांपाशी राहणाऱ्या मध्ययुगीन माणसांनी स्वतः डिसेंबरातली मावळती डाउथच्या दारात पाहिली असेल आणि तीवरून गोष्ट रचली असेल, ही शक्यता मला जास्त जवळची वाटते.

नीलिमा_क

विदर्भातल्या शिळावर्तुळांनाही हाच निकष लावता येईल का? नागपूरजवळच्या जुनापाणीला मी गेले आहे.

उत्तररात्र

नीलिमा, ती वर्तुळे लोहयुगातली, म्हणजे न्यूग्रेंजपेक्षा किमान दोन हजार वर्षे अलीकडची. शिवाय त्यांना बोळ नाही, त्यामुळे किरण अडवणारे किंवा आत घेणारे असे काही बांधकाम तेथे शोधता येत नाही. वर्तुळातल्या कुठल्याही दोन शिळा जोडल्या की एक दिशा मिळते, आणि गणितवाला यांनी वर मांडलेला धोका तेथे कितीतरी पटींनी वाढतो. त्यासाठी वेगळा धागा काढावा, मी नक्की येईन.

दगडमाती

मी माझी शंका निम्मी मागे घेतो. चढाचा मुद्दा मी नीट लक्षात घेतला नव्हता. पण एक सांगा, ऊन आत जाते हे मान्य केले तरी ते पाहायला आत कोण असे? आज सोडत काढून मोजकी माणसे आत सोडतात आणि त्यासाठी हजारो अर्ज येतात. तेव्हा आत बसण्याचा मान कोणाचा होता?

उत्तररात्र

बहुधा कोणाचाच नाही. दगडमाती, याच प्रश्नासाठी मी पुन्हा एकदा तेथे जाणार आहे.

दार बंद करण्याची मोठी शिळा दारापाशीच सापडली आहे. ती जागेवर सरकवली की माणूस आत जाऊ शकत नाही, पण झरोका दाराच्या वर असल्यामुळे ऊन तरीही आत जाते. झरोका वेगळा ठेवण्याचे कारण कदाचित हेच असेल. आतल्या कोनाड्यांत मोजक्याच माणसांची जळालेली आणि न जळालेली हाडे मिळाली. आणि झरोक्याची फट बंद करायला गारगोटीचे ठोकळे होते, त्यांतला एक जागेवरच मिळाला. फटीच्या तळाच्या शिळेवर तो ठोकळा पुन्हा पुन्हा आतबाहेर सरकवल्याचे ओरखडे आहेत. याचा अर्थ कोणीतरी त्या थंडीत दारावर चढत असे, ठोकळा ओढून बाजूला काढत असे आणि मग सूर्याकडे तोंड करून बाहेरच उभे राहत असे. आत काय उजळले ते त्याला तेथून दिसत नव्हते.

अण्णा_करवीर

आणि आभाळ आले असेल तर?

उत्तररात्र

तर ठोकळा परत लावायचा, अण्णा. आयर्लंडमधला डिसेंबर आहे तो, बहुतेक वर्षी तसेच होत असणार.